होडी आधी, गुडघे नंतर

मी सासूबाईंना खाडीत ढकललेलं नाही. ट्रेलरवरची होडी खाडीत गेली आणि त्या वेळी आई तिच्यात बसलेल्या होत्या, एवढाच काय तो संबंध आहे. वटारपासून दातिवऱ्यापर्यंतच्या समस्त नातेवाइकांना मी हे समजावून सांगून थकले.

होडी माझ्या धाकट्या दिराची, प्रशांतची. सेकंडहँड, फायबरची, शिडाची. ट्रेलरवर चढवून जीपमागे कुठेही नेता येणारी. शर्यतीत पळते आणि शनिवार-रविवार मुक्कामालाही चालते, असं विकणारा म्हणाला होता. (मुक्कामाची खोली म्हणजे आमच्या फ्रिजएवढी. त्यात झोपायचं तर आधी घडी घालून घ्यावी लागेल!) ती घरी आल्यापासून आमच्या वटारच्या वाडीत केळींच्या सावलीला उभी होती आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत होत्या.

आईंचं माहेर खाडीपलीकडे, दातिवऱ्याला. नवरी म्हणून त्या शिडाच्या होडीतून इकडे आल्या. पुढे मात्र माहेरी जाणं कायम एसटीनं, नाहीतर गाडीनं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं, तशी आईंनी अट घातली.

"होडी आधी, गुडघे नंतर. आले तशी एकदा शिडानं माहेरी जाईन. मग काय कापायचं ते कापा."

ऑपरेशन तर करायलाच हवं होतं. मी ताबडतोब वही काढली. सामान, माणसं, भरती-ओहोटी, अशा वेगवेगळ्या याद्या केल्या आणि दातिवऱ्याच्या मामांना रविवारी जेवायला येतो म्हणून कळवलं.

आता, माहेरी रिकाम्या हातानं जायची आमच्याकडे पद्धत नाही. केळीचे दोन घड, गोणीभर नारळ, तोंडली, पडवळ, सुकेळीची पुडकी आणि विड्याची पानं. प्रशांतचा चेहरा पडला.

"वहिनी, ही शर्यतीची होडी आहे. टेम्पो नाही!"

"मामांकडे मोकळे हात हलवत जाऊ?"

"बरं, पण पुढच्या टोकाला वजन नको. नाक पाण्यात घुसेल."

"नाही ठेवत," म्हणाले आणि सगळं सामान मी मागे रचलं. इतकं नीट रचलं की प्रशांतनंही मान डोलावली.

भरतीच्या वेळेला अर्नाळ्याच्या पुढे खाडीकाठी पोचलो. वाळू मऊ, ट्रेलरचं मागचं टोक पाण्याच्या कडेला आलं तशी जीप थांबवली; आणखी मागे नेली तर रुतली असती. तेव्हा ट्रेलर जीपपासून सोडवून हातानं ढकलायचं ठरलं. प्रशांतनं डोलकाठी उभी केली, पुढचं छोटं शीड गुंडाळून बांधलं आणि होडी धरायला कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. आईंना पाण्यातून चढवणं कठीण, म्हणून मी त्यांना वाळूवरच, स्टुलावरून होडीत चढवलं. त्या छत्री उघडून मागे नारळांना टेकून बसल्या. ऐन वेळी घाई नको म्हणून होडी ट्रेलरला बांधलेला पट्टाही मी आधीच सोडून टाकला. (काम कसं वेळेच्या पुढे असावं!)

"अहो, काढा आता खीळ," मी नवऱ्याला म्हटलं.

हेमंतनं ट्रेलरचा दांडा धरून तो जीपला अडकवणारी खीळ काढली.

मागे केळी, नारळ, पडवळ आणि आई. पुढे काहीच नाही. दांडा जो वर उडाला, तो हेमंतला घेऊनच! माझा नवरा, सरकारी खात्यातला जबाबदार अधिकारी, वाळूपासून हातभर उंच लोंबकळत होता. होडीची शेपूट खाली गेली आणि ती लोण्यासारखी घसरत पाण्यात उतरली. वजन कमी झाल्यावर दांडा खाली आला. हेमंतही.

"निघाली का?" आईंनी छत्री सावरत विचारलं.

"आई, घाबरू नका!" मी ओरडले.

"मी कुठे घाबरलेय? तू कशाला नाचतेस?"

प्रशांतनं कशीबशी होडीची कड पकडली आणि पोट घासत आत चढला.

"वहिनी, सुकाणू! सुकाणू कुठाय?"

"गाडीत! शेवटी लावायच्या वस्तूंत!"

"शेवट झाला, वहिनी!"

"मग थांब जरा तिथेच!"

"ब्रेक नसतो हिला!"

तोवर भरतीनं होडी दहा-बारा हात आत नेली. प्रशांतनं वल्हं घेतलं आणि सुकाणूसारखं मागे धरलं. आईंनी वर बघितलं.

"अरे, ते शीड आहे ना? मग वळकटी कशाला केलीय? सोड की!"

त्यानं दोरी सोडली. छोटं शीड फडफडलं, वाऱ्यानं भरलं, आणि होडी निघाली. जवळून चाललेल्या मच्छीमार बोटीच्या तांडेलानं काळजीनं हाक दिली, "आजी, दोर टाकू काय? ओढून नेतो!"

"नको रे बाबा! शिडानंच जायचंय. तू आपला बाजूनं चल, बोलायला सोबत होईल."

बिचारा खरंच बाजूनं गेला. काठावर उरलो आम्ही दोघं: हातात सुकाणू, शेजारी स्टूल, समोर रिकामा ट्रेलर.

ट्रेलर पुन्हा जीपला जोडून आम्ही जमिनीवरून निघालो. विरार, महामार्ग, वरई फाटा, सफाळे असा भलामोठा वळसा. वाटेत प्रशांतचा फोन आला, पोचलो म्हणून. मागून आईंचा आवाज ऐकू येत होता, "तिला सांग, पडवळ एकसुद्धा मोडलं नाही."

मामांच्या ओटीवर पाय ठेवला तेव्हा जेवणं आटोपली होती. आई मधोमध पाय पसरून बसल्या होत्या आणि भोवती निम्मा गाव. गुडघ्यांचं काय ते कापायला त्या आता राजी होत्या. मामा मला म्हणाले, "सासूला माहेरी धाडायची घाई असणाऱ्या सुना खूप पाहिल्या. पण इतकी घाई!"

सगळे हसले. मी गार आमटी-भात जेवले.

हात धुवायला मागच्या दारी गेले, तर पंचाहत्तरी गाठलेल्या मामी पाठोपाठ आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "माझं माहेर अर्नाळ्याचं गं. परत जाताना मला सोडशील?"

"सोडू की, मामी. या वेळी सुकाणू आधी लावू, पट्टा शेवटी सोडू, सामान पुढे..."

"छे छे!" मामींनी माझा हात घट्ट धरला. "काही बदलू नकोस. अगदी सकाळसारखंच सोड."

मी लगेच हो म्हटलं. माझं नियोजन जसंच्या तसं हवंय म्हणणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं!