सुटायची घंटा

मास्तर लोक चहाला जमले की किस्से निघतातच. पेपर तपासून एकदाचे संपतात, किस्से संपत नाहीत. आमच्या शाळेतल्या मनोऱ्याचे किस्से मी लय जणांना सांगितले. ऐकणारे हसतात. मला आताशा राग येतो, आणि त्यातला निम्मा स्वतःचाच येतो.

मनोरा कुणाचा, ते आधी सांगतो. मानवतहून एसटीनं आमच्या गावात यावं लागतं. दत्ता आमचाच विद्यार्थी, शेळ्या राखणाऱ्या गयाबाईचा एकुलता एक. फौजेत गेला आणि सीमेवर लढाईत कामी आला. गावानं त्याच्या आठवणीत शाळेच्या आवारात मनोरा बांधला, वर पितळी घंटा टांगली.

संगमरवरी पाटी आली. तिच्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरपंच, ठेकेदार, झाडून सगळे. दत्ताच तेवढा नाही. हेडमास्तर म्हणाले, "मनोराच त्याचा आहे, वेगळं नाव कशाला?"

मी बोंब मारली तेव्हा त्याच्या नावाची छोटी पाटी आली. ती मागच्या अंगाला बसवली, मुतारीसमोर. मी विचारलं, "सर, इथं?"

"इकडं पोरांची ये-जा जास्त असते," हेडमास्तर म्हणाले.

*

उद्घाटनाला मोठे साहेब आले. गयाबाई तिसऱ्या रांगेत. साहेबांनी विचारलं, "त्या आजी कोण?" जवानाची आई म्हटल्यावर साहेब एकदम हळवे झाले. "अरे, मग फोटोत घ्या त्यांना!"

गयाबाईला पुढं आणलं, पदर नीट करायला लावला, हातात घंटेची दोरी दिली. फोटो निघाला. मग हेडमास्तरांनी तिच्या हातातली दोरी हळूच काढून घेतली. "मावशी, सरका जरा. आता साहेब वाजवतील."

साहेबांनी मोजून तीन ठोके दिले.

*

आता आमच्याकडं घंटा कशी वाजते, हे गावातल्या म्हाताऱ्यालाही कळतं. भरायची घंटा म्हणजे तीन सुटे ठोके. सुटायची म्हणजे न थांबता, हात दुखेपर्यंत. गयाबाईकडं कधी घड्याळ नव्हतं. दत्ता शाळेत होता तेव्हा सुटायची घंटा रानात ऐकू आली की ती शेळ्या वळवायची आणि त्याला गरम भाकर थापायला घर गाठायची.

उद्घाटनानंतर मनोऱ्याला कुलूप लागलं. रोजच्याला जुन्या घंटेच्या जागी विजेची बेल आली. कुलूप उघडतं ते झेंड्याच्या दोन दिवशी, पाहुण्यांसाठी. पाहुणे तीनच ठोके देतात.

*

एकदा गयाबाई स्टाफरूमच्या दारात आली. "सर, दत्ताच्या घंटीवर एकदा सुटायची वाजवा की. लय दिस झाले, ऐकली न्हाई."

मी विषय समितीपुढं ठेवला. एक सदस्य तापले. "शहिदाच्या घंटीवर शाळा सोडायलाव का? आपमान हाय त्यो." दुसऱ्यांना काळजी वेगळी. "इतका येळ दोरी कोन वढणार? पाव्हण्याचा खांदा धरला तर?"

ठराव झाला, की स्मारकाची घंटा फक्त मान्यवरांच्या हस्ते, तीन ठोके. माझं अक्षर चांगलं म्हणून ठराव मी लिहिला. खाली सहीही केली. दारात उभ्या गयाबाईला मात्र सांगितलं, "बघतायत, मावशी."

*

परवाच्या सव्वीस जानेवारीला पाहुण्यांनी घंटा वाजवली, भाषण केलं, पोरांना जिलेबी वाटली. गर्दी पांगली. हेडमास्तर पाहुण्यांना सोडायला गेले आणि जाताना कुलपाचं काम माझ्यावर टाकून गेले. मी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. वळलो तर मनोऱ्याच्या मागं, त्या छोट्या पाटीखाली गयाबाई बसलेली. मांडीवर कागदात बांधलेली जिलेबी.

"मावशी, चला. कार्यक्रम संपला."

"आत्ता वाजली ती भरायची व्हती न्हवं, सर?"

"हो."

"मंग बसते. सुटायची झाली की जाते."