डांबराचा चेहरा

समोरचा ठेकेदार आपली भिंत पुन्हा पांढरी करून घेतोय. त्यानं गटारात उतरवलेला किसन आतच गुदमरून मेला. माझ्या चित्रकार मैत्रिणीनं, सुनंदानं, किसनचा चेहरा याच भिंतीवर काढला. पहिल्यांदा त्यावर चुना फासला, तेव्हा मी हळहळले. ती म्हणाली, "फासू दे गं. डांबरानं काढलाय. ऊन तापलं की वर येतोय बघ."

आलाच. आधी डोळे, तपकिरी, ओले असल्यासारखे. मग ओठ.

चित्रांनी समाज सुधारतो म्हणतात. सुधारो बापडा. मला फक्त या एका माणसाची झोप उडालेली हवीय. उद्या सकाळी त्याच भिंतीपुढे त्याचा सत्कार आहे. खुर्च्याही मांडून झाल्यात.

उन्हा, उद्या जरा लवकर ये. आणि कडक ये.