जगतापकाकांची उभी बाइक

ज्या बाईच्या स्वयंपाकघराची खिडकी सोसायटीच्या पार्किंगवर उघडते, तिला किस्से शोधत फिरावं लागत नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत खाली काहीतरी घडलेलं असतंच. आमचे हे म्हणतात, "तुला नसत्या चौकशा फार!" असतील. हे नंदेसरीला शिफ्टला जातात आणि घरी येतात ते झोपायला. मुलगी सुरतेला दिली, ती फोन उचलते तोच "मम्मी, जरा घाईत आहे" म्हणून. मग मी खिडकीत नाही उभी राहणार, तर काय फ्रिजशी बोलणार?

तर असे उभ्या उभ्या जमलेले हे किस्से. सगळे एकाच बाइकचे. आणि गंमत म्हणजे ही बाइक कुठे जातच नाही!

*

आधी बाइकची ओळख करून देते.

आमच्या खाली तळमजल्यावर जगतापकाका राहतात. एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा ओंकार एका केमिकल कंपनीत लागला आणि पहिलं काम काय केलं, तर स्पोर्ट्स बाइक घेतली. निळी. इंजिन म्हणे लहानच, नवशिकी पोरं घेतात तसलं. पण तोंड असं की समोर उभं राहिलं तर वाटावं, आता चावते! मागची सीट इतकी उंच आणि इतकीशी, की मी विचारलंच, "ओंकार, ह्यावर बायको बसणार की कावळा?"

"काकू, ही एकट्याने चालवायची गाडी असते."

आणि झालंही तसंच. तो एकटा कॅनडाला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, गाडी सांभाळा." मग काही दिवसांनी फोनवर म्हणायला लागला, "बाबा, विकून टाका, उभी राहून खराब होईल." काकांचं उत्तर ठरलेलं. "तुझी गाडी आहे. तू ये आणि तू वीक."

गाडी विकली की पोराला घरी यायचं एक कारण कमी होणार, हे काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण आमच्या सगळ्या तरसाली भागाला ते कळत होतं, एका ओंकारला सोडून.

आता तुम्ही म्हणाल, काकांनी स्वतः चालवावी. काका जन्माचे स्कूटरवाले. एकदा बसले होते. हॅण्डलपर्यंत हात पोचवता पोचवता पार टाकीवर आडवे झाले आणि म्हणाले, "सुरेखाबेन, ही चालवायची असते की हिच्या पाया पडायचं असतं?"

*

पहिला किस्सा कव्हरचा.

कंपनीचं कव्हर ओंकारने दिलंच होतं. त्यावर धूळ बसते म्हणून काकांनी वरून एक प्लास्टिक घातलं. प्लास्टिक उन्हाने कडक होतं म्हणून मधे जुनी चादर. चादर सरकते म्हणून वरून सुतळी. हिवाळ्यात पाहते तर चादरीच्या जागी गोधडी! चांगली रंगीत तुकड्यांची, काकूंच्या हातची.

आमचे सेक्रेटरी हर्षदभाई सकाळी दूध घेऊन येत होते. थांबले. बाइककडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"शुं जगतापकाका, बाइकने टाढ वाय छे?"

हसायला सगळे तयारच होते. काका सुतळीची गाठ मारत म्हणाले, "इथे कसली थंडी हर्षदभाई. थंडी तिकडे आहे. तिकडे मला काही पांघरूण घालता येत नाही."

हर्षदभाई दूध घेऊन वर गेले.

*

बडोद्याची माकडं तुम्हाला माहीत असतील. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची. टोळी आली की गच्चीवरचे पापड, कुंड्या, टाकीची झाकणं, काही म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. पण त्यांना सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर गाडीचे आरसे! आरशात दुसरं माकड दिसतं, मग त्याला मारायला जायचं, मग आरसा मोडायचा.

काकांनी उपाय काढला. दोन्ही आरशांना मोजे घातले. मी वरून विचारलं, "काका, हे कुणाचे?"

"ओंकारचे. कपाटात पडून होते. धुतलेले आहेत!" जसं काही मी वास घ्यायला खाली येणार होते.

चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी एक मोठं माकड आलं, मोजा ओढून काढला, आरशात तोंड पाहिलं आणि मोजा हातात घेऊन थेट समोरच्या कडुनिंबावर! काका काठी घेऊन मागे. आरसा शाबूत होता, गाडीला ओरखडासुद्धा नव्हता, तरी काका झाडाखालून हलेनात. मी खाली गेले, म्हटलं, "अहो काका, सोडा ना. एक मोजा तो काय! आरसा तर वाचला."

काका वर बघत म्हणाले, "आरसा दुकानात मिळतो, सुरेखाबेन."

वर माकड मोजा हातात घालून बघत होतं. त्याला तो चांगला बसला.

*

गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. म्हणून काका रोज सकाळी ती चालू करून ठेवायला लागले. सायलेन्सरचा आवाज असा, की पहिल्या मजल्यावर माझ्या मांडणीतले चमचे वाजायचे! तक्रार झाली. सोसायटीची मीटिंग बसली. हर्षदभाई म्हणाले, "काका, कां तो चलावो, कां तो बंध राखो."

मग गॅरेजवाल्याने आणखी एक भर घातली. म्हणे, एका जागी उभी राहिली की टायर खालून चपटे होतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते, तर काकांनी गाडी न्यूट्रलला टाकलेली आणि हाताने ढकलत कंपाउंडमधून चालवतायत. गेटपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. एका बाजूला आमची बायकांची चालण्याची मंडळी, एका बाजूला काका आणि बाइक. हळूहळू सवय झाली. आम्ही त्यांना वाट द्यायला लागलो, तेही आम्हाला "केम छो" म्हणायला लागले.

एक दिवस तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेला मुलगा मदतीला धावला. "काका, बंद पडली का? मी ढकलतो."

"नाही, चालू आहे."

"पेट्रोल संपलंय?"

"टाकी भरलेली आहे."

"मग?"

"फिरायला आणलीय."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार! काकाच पुढे म्हणाले, "आमचे पणजोबा सरकारांच्या पागेत होते. स्वार सुटीवर गेला तरी घोडा रोज फिरवावाच लागतो. नाहीतर पाय धरतात त्याचे."

मुलाने मान हलवली आणि गेटपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेला. घोड्याला घाबरून असावं, पण गाडीच्या मागून नाही, बाजूने चालला!

*

आता उत्तरायणचं.

पतंगांचे दिवस आले की आमच्याकडे प्रत्येक दुचाकीच्या हॅण्डलवर तारेची कमान बसते. मांजा आला तर कमानीवर अडतो, गळा वाचतो. चौकाचौकात कमानी लावणारे बसलेले असतात. मी भाजी घेऊन येत होते, तर तिथे गर्दीत आमचे काका! बाइक ढकलत घेऊन आलेले, घामाघूम.

कमानवाला वैतागला होता. ह्या गाडीचं हॅण्डल खाली दबलेलं, कमान कुठे अडकवायची तेच त्याला कळेना. "काका, आ गाडी चलावे छे कोण?"

"आत्ता कोणी नाही."

"कोई नथी चलावतुं?" त्याने पक्कड खाली ठेवली. "तो पछी दोरी कोना गळामां आवशे?"

काका म्हणाले, "उत्तरायणला सगळे परदेशातले येतात. समोरच्यांचा आला, हर्षदभाईंचे दोघं आले. आमचा न सांगता आला, उतरल्याबरोबर गाडी काढून निघाला, तर? त्या वेळी मी कमान कुठे शोधत बसू?"

कमानवाल्याने परत पक्कड उचलली. वाकवून, तारेने बांधून, कशीतरी बसवून दिली. ती सुंदर निळी गाडी अशी दिसायला लागली, जशी नवरी बाशिंग उलटं बांधून बसलीय!

ओंकारचा फोन आला, उत्तरायणच्या संध्याकाळी. मागे बर्फ दिसत होता. काकांनी त्याला कमान दाखवली नाही. मला आणून तिळाचे लाडू दिले. डबा भरून. ह्यांची शिफ्ट होती, मग काकांनी आणि मी पायरीवर बसून त्यातले दोन-दोन खाल्ले आणि वरचे पतंग बघितले. काका म्हणाले, "कटलेला पतंग ज्याच्या गच्चीवर पडतो, त्याचाच होतो, नाही?" मी म्हटलं, "काका, लाडू खा."

*

तरी ओंकारने तिकडे बसून मोबाईलवर जाहिरात टाकलीच. गिऱ्हाइकं यायला लागली आणि काकांनी त्यांना नाकारायला सुरुवात केली. कसं, ते ऐका. मुलगी बघायला आलेल्यांची सुद्धा एवढी तपासणी होत नाही!

एक आला. काकांनी विचारलं, "रात्री गाडी कुठे उभी करणार?"

"घराबाहेर. रोडवर."

"नमस्कार."

दुसरा मित्रांना घेऊन आला. आल्या आल्या एकाने टाकीवर हेल्मेट ठेवलं. झालं! काकांनी हेल्मेट उचलून त्याच्या हातात दिलं आणि फाटक दाखवलं.

तिसरा कारेलीबागेतून आईला घेऊन आला. सभ्य मुलगा. चपला बाहेर काढून पार्किंगमध्ये येणारा मी पहिलाच बघितला. काका खूश. चहा झाला. मला वाटलं, गेली गाडी! तेवढ्यात काकांनी विचारलं, "शिक्षण काय?"

"ग्रॅज्युएशन झालं, काका. आता बाहेरची तयारी. इंग्लिशच्या परीक्षेचा क्लास चालू आहे."

"बाहेरची म्हणजे?"

"कॅनडा."

काकांनी कप खाली ठेवला. मुलाकडे नाही, त्याच्या आईकडे वळले. "ताई, ही गाडी घेऊ नका. हा जाईल, आणि मग तुम्हाला रोज फिरवावी लागेल."

*

आणि आता हा शेवटचा. ह्या रविवारचाच.

ह्या वेळी गिऱ्हाईक असं आलं, की काकांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. मकरपुऱ्याला नोकरी, स्वतःचं घर, घराला बंद पार्किंग, परदेशाचं नावसुद्धा नाही. बायको बरोबर. तिने तर गाडीसाठी हार आणि नारळ आणलेला. काकांचे सगळे प्रश्न विचारून झाले, उत्तरं सगळी बरोबर! गाडी नावावर करून देणारा आरटीओचा एजंटही बरोबर आलेला. ओंकार व्हिडिओ कॉलवर होता. तिकडे त्याची झोपायची वेळ होती, म्हणून घाई करत होता. काकांचा फोन मला धरायला दिला होता, म्हणजे मी पार्किंगच्या मधोमध ओंकारला हातात घेऊन उभी!

एजंट म्हणाला, गाडी ओंकारच्या नावावर आहे, तेव्हा ओटीपी त्याच्या इथल्या नंबरवर येईल. तो ओटीपी सांगितला की काम झालं. ओंकारचं ते जुनं सिम काकांनी एका बटणांच्या फोनमध्ये घालून चालू ठेवलं होतं. तो फोन काकांच्या शर्टाच्या खिशात.

एजंटने बटण दाबलं. "बोलो काका, ओटीपी."

काकांनी फोन काढला, हात लांब करून बघितला. "नाही आला."

"फरी मोकलुं छुं."

टिंग!

"आला!" गिऱ्हाइकाची बायको म्हणाली.

"हे रिचार्जवाल्यांचं आहे," काका म्हणाले.

एजंट म्हणाला, इथे नेटवर्क नसेल. काका गेटपाशी गेले. आम्ही सगळे मागे मागे गेटपाशी. टिंग. "नाही आला." काका जिन्यापाशी गेले. आम्ही जिन्यापाशी. टिंग. "नाही." हारवाली बाई हार ह्या हातातून त्या हातात करत होती. तिच्या नवऱ्याने हेल्मेट डोक्यात घातलेलं, ते काढलं.

"बाबा, चष्मा लावा ना!" माझ्या हातातून ओंकार ओरडला.

"लावलाय रे."

"मग काकूंना दाखवा. काकू, प्लीज, तुम्ही बघा. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. माझ्याकडे बघितलं नाही, बाइककडे बघत राहिले. मी ओंकारला डाव्या हातात घेतलं आणि तो छोटा फोन उजव्या हातात. एकाखाली एक, मेसेजच मेसेज. आकडे अगदी स्पष्ट. एजंट, गिऱ्हाईक, त्याची बायको, वरून हर्षदभाई, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि नीट वाचलं.

"नाही रे ओंकार," मी म्हटलं, "काहीच आलेलं नाही."