फ्लेक्सवरची बाई माझी ताई नव्हती

आमच्या गावच्या फाट्यावरच्या फ्लेक्सवर जी बाई होती ना, ती माझी ताई नव्हती.

चेहरा ताईचा. गळ्याखालचं सगळं दुसऱ्याच कुणाचं.

आर्मीचा युनिफॉर्म, खांद्यावर स्टार, छातीवर मेडलांची रांग. खांदे तर चक्क पैलवानाचे! वर मोठ्या अक्षरात, 'भारतमातेच्या रणरागिणीस भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि खाली हात जोडून उभे आमचे काका. ताईपेक्षा त्यांचाच फोटो मोठा.

माझी मंगलताई नगरला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये सिव्हिलियन नर्स होती. सैन्यात नव्हती. तिने जन्मात कधी बंदूक धरली नाही. कॅन्सरने गेली. आज तिचा दहावा झाला.

आज मी गप्प बसणार नाही. कुणाला राग आला तर खुशाल अनफ्रेंड करा.

जीएनएमचा नर्सिंग कोर्स झाल्यावर ताई आधी एका प्रायव्हेट हॉस्पिटलला लागली होती. तिथे सिस्टर म्हणजे सलाईन लावणारी, फरशी पुसणारी आणि वर शिव्या खाणारी. थ्री इन वन.

मग मैत्रिणीकडून कळलं की मिलिटरी हॉस्पिटलमध्ये सिव्हिलियन नर्स घेतायत. गेली इंटरव्ह्यूला.

मेट्रन मॅडमनी विचारलं, "आर्मी में क्यों आना चाहती हो?"

ताई म्हणाली, "मॅडम, आर्मी में नहीं आना. नर्सिंग करनी है. ढंग से."

घरी हे ती अॅक्टिंग करून सांगायची आणि आमच्या आधी स्वतःच हसायची.

सिलेक्शन झालं तेव्हा आई ऊसतोडीवर होती. फोन ठेवला आणि तिने फडातच सगळ्यांना गूळ वाटला.

आणि मग काका उगवले.

"मिलिटरीत? अगं, पोरीची जात. लोक काय म्हनतील?"

ताईने शांतपणे समजावलं. "काका, मी सिव्हिलियन आहे. बदली नाही, बॉर्डर नाही. गेटवर पास दाखवायचा, ड्युटी करायची, रूमवर यायचं."

"ते काय बी आसू दे. मिलिटरी ती मिलिटरी."

तेव्हा ताईला देवळाली प्रवऱ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, ताईलाही आवडला होता. सुपारी फोडायचीच बाकी होती.

काकांनी आम्हाला न विचारता तिकडे फोन लावला. "पोरगी मिलिटरीत लागली. जवानांच्यात ऱ्हाती. उद्या काश्मीरला बदली झाली तर आमाला बोलू नका."

स्थळ मोडलं. पुढचीही मोडली, कारण अशी गोष्ट गावाबाहेर जायला वेळ लागत नाही. शेवटी ताईच म्हणाली, "आई, आता बास. माझा फोटो कुणाला पाठवू नका."

नोकरी मात्र तिने सोडली नाही.

मी एकदा विचारलं होतं, "ताई, असतं तरी काय गं तिथं?"

"काय असणार? पेशंट असतात. ताप चढला की जवान पण आईलाच हाक मारतो."

आणि गाव? सुट्टीला आली की कुजबुज करायचे तेच लोक संध्याकाळी दारात. "मंगल, जरा रिपोर्ट बघ की." रिपोर्ट बघायला ताई चालायची हो! सून म्हणून चालत नव्हती.

ती बघायची. प्रत्येकाचे. मी असते तर तोंडावर फेकले असते.

आता फ्लेक्सवर तिचा चेहरा कुठल्या फोटोतला घेतला, माहितीये? लग्नाच्या बायोडाटातला. कानात आईचे झुबे होते, त्यावरून मी ओळखला. स्थळांना पाठवायला म्हणून काकांच्याच मोबाईलवर होता.

बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. लगेच फोन लावला.

"काका, तो फ्लेक्स उतरवा."

"येडी का तू? गावाची मान उंच झाली. दहाव्याला आमदारसाहेब येनार हायेत."

"ताई सैन्यात नव्हती, काका!"

"लोकांना काय कळतंय? मिलिटरी ती मिलिटरी."

तेच शब्द. तेव्हा त्याच शब्दांनी तिला बदनाम केलं आणि आता त्याच शब्दांवर ह्यांना मिरवायचंय. शरम कशी वाटत नाही?

आज ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. सगळे माना वर करून बसलेले. साहेब घड्याळ बघतायत.

आणि काका, आमचे काका, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लग्नाची इच्छा ऱ्हायली आसंल बिचारीची."



आई उठली. घरी गेली, ऊसतोडीचा कोयता घेतला आणि थेट फाट्यावर. मी मागे पळाले. माझ्यामागे काका, आणि काकांच्या मागे अख्खी मंडळी.

आईने फ्लेक्सकडे एकदा बघितलं. "ही कोन? माझ्या पोरीला आसले कपडे कवा व्हते?"

मग एकेक सुतळी कापली. फ्लेक्स खाली आला, फाट्यावर उभ्या साहेबांच्या गाडीपुढेच.

काका ओरडले, "वैनी, आवो काय करताय? लोक काय म्हनतील?"

आई कोयता हातात घेऊन वळली.

"तवाबी तुमी ह्येच म्हनला व्हता, भाऊजी."

काकांना खाली बघावं लागलं. कावळा शिवला की नाही, ते बघायला आम्ही परत गेलोच नाही.

घरी आता ताईचा खरा फोटो लावलाय. पांढरा ड्रेस, छातीला उलटं अडकवलेलं घड्याळ, गळ्यात गेटचा पास. हसतेय. खाली मी माझ्या हाताने लिहिलंय:

सिस्टर मंगल. सिव्हिलियन नर्स.

ताई, माझी श्रद्धांजली एवढीच. नीट जा गं.