नॉर्मलची साखर

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आम्ही बायका पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी पिऊन बसलो होतो. समोरची मुलगी ओटीपोट दाबून वाकलेली. ती आत जाऊन आली, तेव्हा डॉक्टर मॅडम तिच्या आईला म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे. पण सोनोग्राफीत सगळंच दिसतं असं नाही."

दुसरं वाक्य ऐकायला आई थांबलीच नाही. "सुटलीस गं बाई!" म्हणत तिने पर्समधली खडीसाखर लेकीच्या तोंडात घातली. मुलगी तशीच वाकलेली, गालात साखर आणि डोळ्यांत पाणी.

माझाही मागचा नॉर्मल रिपोर्ट सासूबाईंनी देवापुढे ठेवला होता, साखर वाटली होती. दर महिन्याला पाळीत फरशीवर मुटकुळं करून पडणारी मी त्या दिवसापासून घरात नाटकी ठरले. त्या करड्या पडद्यावर गाठ दिसते, साचलेलं पाणी दिसतं, दुखणं दिसत नाही. आणि दिसलं नाही ते नाहीच, असं घर ठरवून टाकतं.

माझं नाव पुकारलं. पोटावर गार जेली पडली. डोळे मिटून मी देवाला म्हटलं, या वेळी काहीतरी निघू दे.

"नॉर्मल," मॅडम म्हणाल्या.

बाहेर सासूबाई साखरेची पुडी सोडत होत्या.