जास्तीचा मंगळवार

काळाला इतका दम भरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नसेल, असं मी आमच्या शेजारच्या चाचांबद्दल खात्रीने म्हणू शकते. एरवी मी कशाबद्दलच खात्रीने बोलत नाही. देवरूखजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. विज्ञान शाखेत नाव घातलं आणि आत्याच्या बिऱ्हाडी राहायला आले. पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडून गर्जना आली, "अरे, कपाट सोडताना वेळ कोण लिवणार, तुझा बाप?" भांडण पेटलं असं वाटून मी घाबरून उठले, तर आत्या तांदूळ निवडतानिवडता म्हणाली, "मालिका लागली."

त्या मालिकेत एक प्रोफेसर, त्याचा आचारी आणि एक विमा एजंट लोखंडी कपाटात बसून वाटेल त्या शतकात जायचे आणि तिथे हमखास काहीतरी विसरून यायचे. सगळी आळी हसायची. चाचा मात्र हादरलेले असायचे. त्यांनी तीस वर्षं मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून काढली होती, आणि कुठलंही वाहन नोंदीशिवाय हलू शकतं हेच त्यांना पचत नव्हतं. बोटीवर ते स्वतःची रोजवही ठेवत; तिच्या उरलेल्या पानांवर आता या कपाटाच्या सफरी चढत होत्या. आचाऱ्याला ते बोटीवरच्यासारखं भंडारी म्हणत. "सफर नववी. भंडारी ड्युटीवर झोपला. शिक्षा नाय." दर महिन्याला ते मला चुकांचं पत्र सांगायचे आणि मी लिहून मालिकावाल्यांना धाडायची. उत्तर एकदाच आलं, तिघांचा कपाटासकट छापील फोटो. चाचांनी तो उलटा करून पाहिला, मागे तारीख नव्हती. पुढच्या पत्रात तीही तक्रार गेली. घरात घड्याळं दोन, एक आपलं आणि एक ग्रीनिचचं. चाची पाहुण्यांना आधीच बजावायची की त्या दुसऱ्याकडे बघून निघू नका, बस चुकेल.

एकदा मी धीर करून म्हटलं, की काळातून असं मागेपुढे जाता येत नाही. चाचा शांतपणे म्हणाले, "बाय, मी एक मंगळवार दोनदा जगलोय. दोन्ही दिवशी मसूरच होती." मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या सरांना विचारलं, तर त्यांनी नकाशावर पॅसिफिकमधली वाररेषा दाखवली. पूर्वेकडे जाताना ओलांडली की तोच वार पुन्हा येतो, पश्चिमेकडे जाताना ओलांडली की एक वार गळतो. मी सुन्न झाले. एवढं शिकून मी हसले कशाला होते? संध्याकाळी माफी मागायला गेले, तेव्हा चाची आतून म्हणाली, "दोन दोन मंगळवार मिळाले गो, नि एकातही घरी पत्र लिवलंन नाय."

मालिका पुढच्या रविवारी संपणार असं कळलं, तेव्हा चाचांनी शेवटचं पत्र सांगितलं. त्यात एकही चूक दाखवलेली नव्हती. कपाट एकदा रत्नागिरीत आणा, एवढंच मागणं होतं. त्यांची आई एका मंगळवारी गेली होती, दुपारी पावणेएकला. चाचा तेव्हा पॅसिफिकमध्ये, पश्चिमेकडे निघालेले. नेमकी त्याच रात्री बोटीने वाररेषा ओलांडली. सोमवारी झोपले आणि बुधवारी उठले. तार पुढच्या बंदरात मिळाली. वही उघडून पाहतात तो मंगळवारच नाही. "आई गेली तो दिवस मी जगलोच नाय," ते म्हणाले. "लिही, माझ्याकडं एक मंगळवार जास्तीचा हाय. तो घ्या नि हा द्या."

माझा हात थांबला. या माणसाला मी दीड वर्ष गंमत समजत होते. मग भीतभीत म्हटलं, "चाचा, वार गळला, तास गळत नाहीत." भिंतीवरचं दुसरं घड्याळ धरून मी कागदावर मांडलं, तीनदा तपासलं. इथली मंगळवारची दुपारची पावणेएक म्हणजे ग्रीनिचला सकाळचे सव्वासात; वाररेषेच्या अलीकडची बोट त्याच्या बारा तास मागे, म्हणजे तिथे सोमवार संध्याकाळचे सव्वासात. चाचांनी वहीचं ते पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी वाचलं: "सोमवार. सात वाजता जेवण. भंडारी सारासकट घसरला. अर्धा तास सगळे पोट धरून हसलो."

वाचलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. "आई जात होती," चाचा म्हणाले, "नि मी हसत होतो."

चाची दारात उभी होती. "मग बरंच झालं," ती म्हणाली. "रडायला इकडं आम्ही होतोच की."

चाचांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि वहीच्या त्याच पानावर मला लिहायला सांगितलं. चष्म्यातून नीट दिसत नाही म्हणाले. 'आई गेली' एवढंच लिहायचं होतं. मी सोमवार नि बुधवारच्या मधल्या जागेत मंगळवार लिहायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "सोमवारातच लिही. सव्वासात. बोटीवर सोमवार होता."

रविवारी शेवटचा भाग लागला. त्यात आचारी भातासकट कपाटातून बाहेर कोसळला, आणि मालिका बघताना पहिल्यांदाच चाचा हसले. मग डोळे पुसत त्यांनी भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहिलं. त्या सफरीची नोंद त्यांनी केली नाही. आता मी दुसऱ्या गावी असते. सोमवारी संध्याकाळी सात वाजून गेले, की हातातलं काम मी थोडा वेळ बाजूला ठेवते.