का-बाईंचा तास

का-बाईंचा तास बंद पडला तो माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. बाई विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायच्या. नव्यानं आलेल्यांना अभ्यास कसा करायचा हे दाखवायला त्यांनी शुक्रवारचा एक जादा तास मागून घेतला होता. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि लेखक असं का म्हणतो, आपल्याला ते का पटतं किंवा का पटत नाही, हे स्वतःच्या शब्दांत सांगायचं. म्हणून त्या का-बाई.

मी गावच्या शाळेत गाईड घोकून पहिला आलेला. त्यामुळे मी बाईंच्या तासाचंच गाईड काढलं. प्रश्न, खाली उत्तर, महत्त्वाच्या ओळींना चौकट. झेरॉक्सवाला खूश. पुढच्या शुक्रवारी चाळीस जणांनी एकच उत्तर दिलं, स्वल्पविरामासकट.

बाई हसल्या. विभागप्रमुख मात्र गाईड चाळून म्हणाले, "नोट्स तयार आहेत ना? मग वाटून टाका. तास कशाला हवा?"

आठ वर्षं एक बाई दर शुक्रवारी घरची बस सोडून पोरांना वाचायला शिकवते, आणि हे लोक तिला अकरा पानांत निकालात काढतात. तीही माझी पानं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मी भयंकर संतापलो. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोयीचंही होतं.

आम्ही चाळीस सह्यांचा अर्ज करून बाईंना दाखवला.

"चाळीस जणांचं कारण एकच?"

"बाई, आता तरी नका ना विचारू."

"आत्ता नाही तर कधी रे? तास का हवा, ते ज्याचं त्यानं लिहा. नको असेल तर तेही लिहा."

विभागाच्या कार्यालयात बत्तीस पत्रं गेली. कारकून म्हणाला, "प्रत्येकात वेगळंच लिहिलंय. फाईलला कसं लावू? मजकूर सारखा करून आणा."

"तुम्ही वाचा तर," बाई म्हणाल्या. "मी बसते."

तीन दिवस त्या तिथल्या बाकावर बसल्या. चौथ्या दिवशी विभागप्रमुखांनी वैतागून तास परत दिला, उपकार केल्यासारखा, जिन्याखालच्या खोलीत, झाडू आणि मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. बाईंनी खुर्च्या पुसल्या. माझं डोकं अजून तापतं.

त्या दिवशी तास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तुझं पत्र नव्हतं त्यात."

"नुसती खाडाखोड होते, बाई."

"होऊ दे. तास मिळाला म्हणून तुझं कारण लिहायचं राहिलं, असं नको."

"आणतो."

सत्र संपत आलंय. पत्र साडेतीन ओळींवर अडलंय.